उन्हाळी शिबिरे वाचनालयाची, मग आपली मुले कुठे?

भीमजयंतीचे मंडप उतरतात, शाळेच्या परीक्षा संपतात आणि तालुक्याच्या गावात एक फलक हमखास लागतो. कधी नगर वाचनालयाच्या फाटकावर, कधी एसटी स्टँडसमोरच्या चौकात. 'उन्हाळी छंदवर्ग व बालसंस्कार शिबिर.' खाली विषयांची यादी असते. चित्रकला, हस्ताक्षर, बालनाट्य, कथाकथन, हार्मोनियम, श्लोकपठण, कागदकाम आणि अलीकडे वारली चित्रकला. दहा दिवसांचा वर्ग, सकाळी आठ ते दहा, प्रवेश मर्यादित. शेवटच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रमाणपत्रे, दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो. त्याच सुमारास वाचनालयाच्या सभागृहात व्याख्यानमाला होते, एखादे कविसंमेलन होते, ग्रंथप्रदर्शन भरते. छोट्या गावाचा सांस्कृतिक उन्हाळा म्हणतात तो हाच.

हा उन्हाळा वाईट आहे असे मुळीच म्हणायचे नाही. मोबाईलच्या पडद्याला चिकटलेल्या पोराला दहा दिवस रंगात हात घालायला मिळत असेल, चार ओळी पाठ करून मंचावर उभे राहायला मिळत असेल, तर ते चांगलेच आहे. प्रश्न वेगळा आहे. दुसऱ्या दिवशीच्या त्या फोटोत भीमनगरातील किती मुले असतात? रमाईनगरातील, अण्णाभाऊ साठे नगरातील, वडारवाड्यातील, गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरील किती? वाचकांनी आपापल्या गावातील फोटो काढून पाहावा आणि मोजावे. बहुतेक गावांत मोजायला फार वेळ लागणार नाही.

कोणी म्हणेल, लोकांचा खासगी कार्यक्रम आहे, बोलावतील त्यांनाच बोलावतील. इथेच आपली पहिली फसगत होते. वाचनालय ही कोणाच्या वाड्यातील ओसरी नव्हे. महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्याआधी १९४५ साली कोल्हापूर संस्थानाने असा कायदा केला होता. १९६७ च्या कायद्याने संस्थांनी चालवलेल्या वाचनालयांना शासनाची मान्यता, अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार दरवर्षी अनुदान अशी व्यवस्था लावून दिली. राज्यात अशी मान्यताप्राप्त वाचनालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. त्यातील मोठ्या, जुन्या संस्थांचा इतिहास इंग्रजी अमदानीपर्यंत जातो. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ज्या वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीमाई मुलींची शाळा काढत होते, त्याच वर्षी त्याच शहरात ग्रंथांचे हे मंदिर उभे राहात होते. भिडेवाड्याकडे जाणाऱ्या सावित्रीमाईंना रस्त्यात शेणमातीचा मार सोसावा लागत होता. त्या काळात अशा मंदिरांच्या पायऱ्या कोणासाठी होत्या, हे वेगळे सांगायला नको.

पण तो इतिहास झाला. आज या वाचनालयांचे विजेचे बिल, पुस्तके आणि ग्रंथपालाचा पगार यात सरकारी तिजोरीतील पैसा आहे. तो पैसा मोलमजुरी करणारी बाई काडेपेटी विकत घेताना भरते त्या करातूनही येतो. बाबासाहेबांनी घटनेच्या पंधराव्या कलमात या मुद्द्याची तरतूद करून ठेवली आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यावरून कोणालाही दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक करमणुकीची स्थाने येथे मज्जाव करता येणार नाही. आणि पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशाने राखलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते व सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरातही अडथळा आणता येणार नाही. अंशतः हा शब्द नीट वाचा. शंभरातील दहा रुपये जरी सरकारचे असतील तरी ती जागा सार्वजनिक राबत्याची आहे. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले तेव्हाचा युक्तिवादही हाच होता. तळे नगरपालिकेचे आहे, कोणा एका आळीचे नाही. वाचनालयही तसेच एक तळे आहे.

आज फाटकावर कोणी अडवत नाही, हे कबूल केले पाहिजे. उलट अनेक ठिकाणी आपलीच पोरे वाचनालयाच्या इमारतीत सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसलेली दिसतात. ती बसतात अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन, पाण्याची बाटली आणि डबा घेऊन. पोलीस भरती, तलाठी भरती, राज्यसेवा. अभ्यासिकेची फी भरतात, खुर्ची मिळवतात, कपाटाकडे मात्र फिरकत नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण घटनेचे पंधरावे कलम गुणांसाठी तोंडपाठ करणाऱ्या पोराच्या डोक्यावरच्या मजल्यावर व्याख्यानमाला सुरू असते आणि तो खाली बसून कलमाचे पोटकलम घोकत असतो, हा प्रकार विचित्र आहे एवढे म्हणायला हरकत नाही.

अडवणूक होते ती दुसऱ्या तऱ्हेने. सभासद व्हायचे तर अनामत रक्कम, वर्गणी आणि पुष्कळ ठिकाणी एका जुन्या सभासदाची ओळख लागते. वस्तीतील माणसाला ओळख कोण देणार? शिबिराला प्रवेश शुल्क असते, रंगाचे साहित्य आपले आपण आणायचे असते. वेळ सकाळची, तेव्हा आई दुसऱ्याच्या घरी भांडी घासायला गेलेली, बाप कामाच्या नाक्यावर उभा, मोठी बहीण धाकट्याला सांभाळत घरी. फलक लागतो तो बाजारपेठेत, वस्तीत नाही. आणि वर 'संस्कार' हा शब्द. आपल्या आया-बायांनी तो शब्द पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. ज्यांच्या घरी संस्कार नाहीत असे समजले जाते त्यांच्या मुलांनी तिथे जाऊन काय ऐकायचे, हे त्या न सांगता ओळखतात.

मागे एका तालुक्याच्या वाचनालयात अशा शिबिराच्या समारोपाला बसण्याचा योग आला. गावाचे नाव सांगत नाही, कारण ते कोणतेही गाव असू शकते. भिंतीवर मुलांनी काढलेली वारली चित्रे लावली होती. त्रिकोण-त्रिकोणाची माणसे, तारप्याभोवतीचा फेर, झाड, कोंबडी. चित्रे खरोखर सुबक होती. आलेल्या बाईंनी सांगितले, ही आपली पारंपरिक भारतीय कला आहे. वारली हे माणसांच्या जमातीचे नाव आहे, ती माणसे डहाणू-तलासरीच्या डोंगरात आजही राहतात, जिव्या सोमा म्हसे नावाच्या वारली माणसाने ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले, यातील एक अक्षर मुलांना सांगितले गेले नाही. ज्या वारल्यांनी १९४५ साली सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध उठाव केला त्यांचा उल्लेख तर दूरच. मुलांच्या हाती चित्र आले, चित्र काढणाऱ्याचा पत्ता गायब झाला.

नंतर 'लोककला दर्शन' होते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आलेल्या कलाशिक्षकाने हलगी वाजवून दाखवली. बरी वाजवली. वाचनालयाच्या मागच्या गल्लीत, हाकेच्या अंतरावर, मातंग वस्ती आहे. तिथे चार घरी हलगी आहे. गावातील प्रत्येक लग्नाची वरात, प्रत्येक मिरवणूक आणि प्रत्येक अंत्ययात्रा त्यांच्याच हलगीवर निघते. त्या घरातील माणसाला कोणी बोलावले नव्हते. मी आयोजकांना तसे विचारले. ते चांगले गृहस्थ होते, मनात काही वाईट नव्हते. ते म्हणाले, अहो, तो काय रोजच वाजवतो! या एका वाक्यावर विचार करावा तितका थोडा आहे. रोज वाजवणारा तो 'वाजंत्री', शिकून वाजवणारा तो 'कलावंत'. रोज वाजवणाऱ्याला दारात बसवून बिदागी द्यायची, शिकून वाजवणाऱ्याला मंचावर बसवून शाल-श्रीफळ.

आपल्या चळवळीला मात्र हा फरक कधीच मान्य नव्हता. २० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहे काढून शिक्षणाचा प्रसार करणे हा उद्देश होताच. पण त्याला लागूनच, बहिष्कृत समाजात संस्कृतीचा प्रसार करण्यासाठी वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढणे हा उद्देशही स्पष्ट लिहिलेला होता. वाचनालय, केंद्र आणि वर्ग. आज ज्याला आपण वाचनालयाचा सांस्कृतिक उपक्रम म्हणतो तो बाबासाहेबांच्या पहिल्याच संस्थेच्या कागदावर होता. शंभर वर्षे होऊन गेली. आपल्या मंडळांच्या किती घटनांत आज हा उद्देश लिहिलेला आहे?

आणि हा विचार खेड्यात नेला कोणी? छापील कागदाने थोडा, जलशाने फार. सत्यशोधक जलशाची वाट आधी पडलेली होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी ती आंबेडकरी जलशाची वाट केली. साचा तमाशाचाच. ढोलकी, तुणतुणे, झिलकरी, सवाल-जवाब, बतावणी. आत मात्र विषय शाळेचा, मेलेली जनावरे न ओढण्याचा, दारूचा, लग्नात कर्ज काढण्याचा, तळ्याचा आणि मंदिराचा. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचे वाचनालय म्हणजे जलसा. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे बाबासाहेबांचे मत जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. कर्डकांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले, ते १९७८ साली आले. आपल्या गावच्या वाचनालयात ते आहे का, एवढी एक चौकशी वाचकांनी करून पाहावी. नसेल तर मागणी-वहीत नोंद करावी. अशी वही बहुतेक वाचनालयांत असते, दोरीने टेबलाला बांधलेली, आणि तिच्यात लिहिणारे तेच ते पाच-सात असतात.

वाचनालयाने पुस्तकापलीकडे जाऊन लोकांना डोळ्यांनी, कानांनी काही द्यावे ही कल्पना नवी नाही आणि परदेशातून आज आलेली तर मुळीच नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे विणायला सुरुवात केली. गावकऱ्यांनी एक हिस्सा जमवायचा, एक हिस्सा प्रांत पंचायतीने आणि एक हिस्सा सरकारने द्यायचा. जिथे वाचनालय नाही तिथे पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. वाचता न येणाऱ्यांसाठी मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची यंत्रे घेऊन फिरणारी वेगळी शाखाच ग्रंथालय खात्यात होती. ज्या सयाजीरावांनी बाबासाहेबांना १९१३ साली शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवले त्यांचेच हे काम. मात्र त्याच बडोद्यात, १९१७ साली नोकरीवर रुजू झालेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही, हेही विसरता येत नाही. पुस्तकाची पेटी गावोगाव पोहोचली, पण ज्याने कोलंबियात ग्रंथालयाच्या दाराशी उघडण्याची वाट पाहत उभे राहून विद्या मिळवली, त्याला आपली पेटी घेऊन पारशी धर्मशाळेच्या बाहेर पडावे लागले. राजाचा हुकूम एक करतो आणि गावाची रीत दुसरेच करते. सरकारी वाचनालयाच्या अनुदानाचे आणि कार्यक्रमाचे आज हेच झाले आहे.

आता उन्हाळ्याकडे येऊ. खरे म्हणजे एप्रिल-मे हे दोन महिने आपल्या इतिहासाने गच्च भरलेले आहेत. ११ एप्रिल जोतीरावांची जयंती, १४ एप्रिल बाबासाहेबांची. तेवढ्यावर आपले कॅलेंडर संपते आणि आपण डीजेचे भाडे चुकवायच्या मागे लागतो. त्याच्या पुढचे पान उलटून पाहा. २१ एप्रिल हा बेबीताई कांबळे यांचा स्मृतिदिन. २०१२ साली त्या गेल्या. फलटणसारख्या छोट्या गावात दुकानाच्या गल्ल्यावर बसून, सामान बांधायला आलेल्या रद्दीच्या कागदावरचे वाचत त्यांनी वाचनाची भूक भागवली, घरच्यांपासून लपवून लिहिले आणि ते लिखाण 'जिणं आमुचं' या नावाने १९८६ साली पुस्तकरूपाने आले. २३ एप्रिल जागतिक पुस्तक दिन. ६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन, १९२२ चा. १५ मे हा वामनदादा कर्डकांचा. २००४ साली ते गेले. सिन्नर तालुक्यातील देशवंडीच्या या माणसाला अक्षरओळख झाली ती वयात आल्यावर, मुंबईत कष्टाची कामे करताना. आणि त्याच माणसाने पुढे हजारो गाणी लिहून गावोगाव पोहोचवली. मे महिन्यात बहुधा बुद्धपौर्णिमा येते. २७ मे हा माता रमाईंचा स्मृतिदिन, १९३५ चा. हे सगळे शाळेच्या सुट्टीत किंवा तिच्या तोंडावर येते. शाळेच्या भिंतींत हे दिवस साजरे होत नाहीत, कारण शाळा बंद असते. म्हणून ते साजरे करण्याची जागा कोणती? वाचनालय.

कल्पना करा. २१ एप्रिलला दुपारी तीन वाजता, बायका कामावरून परत आल्यावर, वाचनालयाच्या महिला विभागात 'जिणं आमुचं' मधील एखाद्या प्रकरणाचे वाचन. बाई वाचेल, बायका ऐकतील. ज्यांना वाचता येत नाही त्या जास्त चांगल्या बोलतील, हा माझा अनुभव आहे. १५ मेला संध्याकाळी वाचनालयाच्या गच्चीवर, ऊन उतरल्यावर, वामनदादांच्या गाण्यांची बैठक. गावात गाणारा पाहिजे तर पुण्या-मुंबईहून आणायला नको, दर जयंतीला गाणारे पोरगे वस्तीतच आहे. आणि दहा दिवसांचा वर्ग घ्यायचाच तर जलशाचा घ्या. वीस मुले, सर्व आळ्यांतील. मागच्या गल्लीतील हलगीवाला गुरुजी म्हणून. त्याला वाचनालयाच्या खात्यातून मानधन, पावतीवर त्याची सही, आणि शेवटच्या दिवशी शाल द्यायची असेल तर त्यालाही शाल. मुलांनी गावच्या पाण्यावर, टँकरवर, शाळा सोडून वीटभट्टीवर गेलेल्या मित्रावर पंधरा मिनिटांची बतावणी बसवावी. बालनाट्य म्हणजे ससा-कासव आणि परीराणी एवढेच, असे कुठे लिहून ठेवले आहे?

मोठ्यांसाठी नाट्यवाचन ठेवता येईल. मिलिंद महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक १९५५ च्या सुमारास विद्यार्थ्यांनी बाबासाहेबांसमोर केले होते. नेपथ्य नको, पोशाख नको, चार खुर्च्या आणि चार वाचणारे पुरेत. अण्णाभाऊंची 'फकिरा' १९५९ ची. बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली ही कादंबरी सुट्टीत रोज रात्री एक प्रकरण अशी वाचली तर महिनाभर पुरेल. भिलार हे महाबळेश्वरजवळचे स्ट्रॉबेरीचे गाव ४ मे २०१७ ला 'पुस्तकांचं गाव' म्हणून जाहीर झाले, घराघरांत पुस्तके ठेवली गेली, पर्यटक गेले, फोटो निघाले. छान झाले. पण पुस्तकाच्या गावाला जायला एसटीचे भाडे लागते. आपल्या गावच्या पुस्तकांना आपल्याच गावात यायला काही लागत नाही.

हे सगळे वाचनालयाच्या चालकांनी करावे अशी विनवणी करत बसण्यात अर्थ नाही. ते वाईट लोक आहेत म्हणून नव्हे. पुष्कळ ठिकाणी ग्रंथपाल हा बहुजन समाजातीलच, अत्यल्प पगारावर पंधरा-वीस वर्षे चावी सांभाळणारा माणूस असतो. ड वर्गाच्या वाचनालयाला कित्येक वर्षे वर्षाकाठी अवघे ३० हजार रुपये अनुदान मिळत होते, म्हणजे महिन्याला अडीच हजार. त्यात पगार, पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज. पुढे अनुदानात ६० टक्क्यांची वाढ झाली, तरी महिन्याला चार हजारच झाले. सरकार उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयाला दरवर्षी पुरस्कार देते तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाने. आणि ग्रंथपालाला जगण्यापुरतेही देत नाही. अशा माणसाने आणखी एक शिबिर घ्यावे म्हणून त्याच्यावर ओरडणे सोपे आहे. जलशासाठी त्याच्यासोबत सतरंज्या उचलणारे दोन हात दिले तर तो नाही म्हणणार नाही.

अधिकार कुठे आहे ते पाहिले पाहिजे. ही वाचनालये नोंदणीकृत संस्था आहेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली त्यांची नोंद असते. त्यांना घटना असते, सभासद असतात, वार्षिक सर्वसाधारण सभा असते, कार्यकारी मंडळाची निवडणूक असते. साधारण सभासद, आजीव सभासद, आश्रयदाते असे प्रकार असतात आणि मत कोणत्या प्रकाराला आहे हे त्या घटनेत लिहिलेले असते. गावात नगरपालिकेच्या एका प्रभागासाठी आपण चार गट पाडतो, डोकी फोडतो, आणि गावच्या वाचनालयाच्या सभेला कोरम नसल्यामुळे सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी दहा माणसांत उरकते. ते दहा जण पुढच्या वर्षीचा उन्हाळा ठरवतात. वक्ता कोण, विषय कोणता, पुस्तके कोणाकडून घ्यायची, सगळे.

एक जयंती मंडळ मिरवणुकीच्या एका रात्रीच्या आवाजावर जितका खर्च करते तितक्यात वस्तीतील पंचवीस-तीस माणसे सभासद होऊ शकतात. हा हिशोब प्रत्येक मंडळाने आपल्या वहीवर करून पाहावा. मिरवणूक बंद करा असे मी म्हणत नाही. ज्यांना शतकानुशतके रस्त्याच्या कडेने चालावे लागले त्यांनी वर्षातून एक दिवस रस्त्याच्या मधोमध नाचावे, याचे मला मोल आहे. पण ढोलकीवाला बेकार आणि डीजेवाला मालामाल, हे जलशाच्या वारसांना शोभत नाही.

यावर आपल्यातच एक आक्षेप येतो. आपण त्यांच्या वाचनालयात कशाला जायचे, आपल्या विहारात आपले वाचनालय काढू. काढावे, जरूर काढावे. अनेक विहारांत कपाटभर पुस्तके आहेत, बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे खंड आहेत, रविवारी मुलांचे वर्ग भरतात, उन्हाळ्यात श्रामणेर शिबिरेही होतात. ते काम थांबू नये. पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक म्हणजे २०१२ च्या पडताळणीनंतर बरीच वर्षे नव्या वाचनालयांना शासनमान्यता देणेच बंद होते. म्हणजे ज्यांची वाचनालये आधीपासून होती त्यांचे अनुदान चालू राहिले, आणि ज्यांच्या वस्तीत वाचनालय उशिरा निघाले ते वर्गणीवरच चालले. उशिरा येणाऱ्याला रिकामे ताट, हा या देशाचा जुना नियम आहे. दुसरे म्हणजे विहार आपला आहे तसे नगर वाचनालयही आपलेच आहे. तळे दुसऱ्यांचे म्हणून सोडून द्यायचे असते तर बाबासाहेब महाडला गेलेच नसते, वस्तीत एक आड खणून मोकळे झाले असते.

व्याख्यानमालांबद्दल दोन शब्द. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि तिच्या नकला गावोगाव झाल्या. नक्कल वाईट नाही. परंतु दीडशे वर्षांत वक्त्यांची यादी गावागावांत एकाच साच्याची झाली आहे. एक अध्यात्म, एक व्यक्तिमत्त्व विकास, एक आरोग्य, एक शिवचरित्र, एक हास्य. आंबेडकरी विचारवंत बोलावला तर तो १४ एप्रिलच्या आसपास आणि विषय ठरलेला, 'संविधान आणि आपण'. आमच्या वक्त्याला शेतीमालाच्या भावावर, पाणीवाटपावर, मराठी कादंबरीवर, चित्रकलेवर बोलावले जात नाही. बाबासाहेबांचा १९२३ चा 'रुपयाचा प्रश्न' हा प्रबंध अर्थशास्त्राचा आहे, हे व्याख्यानमालेच्या चालकांना कोणीतरी कळवले पाहिजे.

मे महिन्याच्या कार्यक्रमांची आखणी मार्चमध्येच होते, तेव्हा या वर्षीचा फलक लागल्यावर पत्र देऊन उपयोग नाही. पत्र आधी द्यायचे, लेखी द्यायचे आणि पोच घ्यायची. फलक वस्तीत लावा, शुल्क परवडत नसेल त्या मुलाला शुल्कमाफी द्या, एक वर्ग संध्याकाळी ठेवा, या तीन मागण्या कोणत्याही कार्यकारी मंडळाला नाकारणे अवघड आहे. तरीही नाकारल्या तर वाचनालय दरवर्षी अनुदानासाठी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे अहवाल पाठवते. वर्षभरात किती पुस्तके घेतली, किती सभासद, कोणते उपक्रम केले, पैसा कसा खर्च झाला, हे सगळे त्या कागदांत असते. ते कागद माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्ज मराठीत, साध्या कागदावर, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट.